थुंकी एकाची, हिशोब सगळ्या घराण्याचा

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

गेल्या दिवाळीत भाचा न्यू जर्सीहून आला होता. भाऊबीजेला डोंबिवलीत आमच्याकडे सगळे जमले. फराळ झाला, गप्पा झाल्या, आणि त्याने बॅगेतून एक छोटा खोका काढला. आत प्लास्टिकची नळी. नळीत थुंकायचं, झाकण लावायचं आणि अमेरिकेतल्या कंपनीला पाठवायचं. काही आठवड्यांनी मोबाईलवर उत्तर येतं: तुमचे पूर्वज किती टक्के कुठले आणि जगभर तुमचे रक्ताचे नातेवाईक कोण कोण. "मामा, आपल्या कुलवृत्तांतात खापरपणजोबांच्या मागे सगळं धूसर आहे ना? हे थेट रक्तातून काढतं," म्हणाला. पोरं एकदम खूष.

माझी आई, वय ८३, कोपऱ्यात खुर्चीवर वाती वळत बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "यात माझंही येणार का रे?"

"येणार ना आजी, साधारण पाव हिस्सा तुझाच."

"मग मला नको."

सगळे हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. तोवर नळी भरून झाली होती. जाताना भाचा ती घेऊन गेला.

पण तो प्रश्न काही माझ्या डोक्यातून जाईना. त्या घरात एका माणसाने स्पष्ट शब्दांत नकार दिला होता. तो कुठे नोंदला गेला? फॉर्मवर सही एकच, भाच्याची. आईच्या पाव हिश्शाला कुणी विचारलं नाही. वडील जाऊन अकरा वर्षं झाली, त्यांचाही पाव हिस्सा गेला. त्यांना तर विचारायची सोयच नव्हती.

म्हणून आज लिहून टाकतो. माझं म्हणणं सरळ आहे: डीएनए ही एकट्याची मालमत्ता नाही, ते घराण्याचं सामाईक खातं आहे. त्याला सांभाळणारा कायदा होईपर्यंत केवळ हौसेखातर ते खातं कुठल्याही कंपनीच्या हवाली करणं हा घरातल्या बाकीच्यांवर अन्याय आहे.

"काका, तुम्ही उगाच घाबरवताय" म्हणणाऱ्यांसाठी आधी साधं गणित.

मुलात आईचा निम्मा आणि बापाचा निम्मा डीएनए असतो. नातवात आजीचा साधारण पाव. सख्ख्या चुलत भावंडांत सामाईक भाग साधारण आठवा हिस्सा. अगदी पणजोबांच्या भावाच्या पणतवापर्यंतचं नातं या चाचणीत बऱ्याचदा ओळखू येतं. म्हणजे घरातला एक जण थुंकला की कल्याणची आत्या, ठाण्याचा चुलतभाऊ आणि ज्यांचं तोंड वीस वर्षांत पाहिलं नाही ते गावाकडचे भाऊबंद, सगळ्यांची थोडी थोडी माहिती त्या खात्यात जमा.

कल्पनेतली गोष्ट सांगत नाहीये. कॅलिफोर्नियात १९७०-८० च्या दशकांत खून आणि बलात्कारांची मालिका करणारा माणूस कित्येक दशकं मोकळा होता. २०१८ च्या एप्रिलमध्ये तो पकडला गेला. कसा? पोलिसांनी गुन्ह्याच्या जागचा डीएनए वंशावळीच्या हौशी लोकांच्या डेटाबेसशी ताडून पाहिला, लांबचे नातेवाईक सापडले, त्यांची वंशावळ मांडली आणि त्याच्या दारात जाऊन उभे राहिले. त्याने स्वतः कधीच कुठे नमुना दिला नव्हता. नराधम पकडला गेला, उत्तमच झालं. पण त्यातून कळलेली गोष्ट विसरू नका: तुम्हाला शोधायला तुमचा नमुना लागत नाही. लांबच्या भावाचा पुरतो.

आता दुसरं उदाहरण. ट्वेंटी-थ्री अँड मी ही या धंद्यातली सगळ्यात गाजलेली कंपनी. २०२३ मध्ये हॅकर थेट घुसले ते सुमारे १४,००० खात्यांत. पण माहिती गेली जवळपास ६९ लाख लोकांची! कारण कंपनीची "नातेवाईक शोधा" ही सोय. एका खात्यातून त्याचे शेकडो नातेवाईक दिसायचे. मग हॅकरने काय केलं? वंशानुसार याद्या करून इंटरनेटवर टाकल्या, एक ज्यू वंशाच्या लोकांची, एक चिनी वंशाच्या लोकांची. वंश शोधायला गेलेल्यांची वंशाप्रमाणे वर्गवारी करून विक्री. आणि २०२५ च्या मार्चमध्ये या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. दीड कोटीच्या आसपास ग्राहकांचे नमुने आणि माहिती दिवाळखोरीच्या न्यायालयात विकायची मालमत्ता म्हणून मांडली गेली. शेवटी कंपनीच्या संस्थापिकेच्याच ना-नफा संस्थेने ३० कोटी ५० लाख डॉलरला ती घेतली. यावेळी घेणारा ओळखीचा निघाला. पुढच्या वेळी कोण असेल?

बँक बुडाली तर पैसे जातात, ते पुन्हा कमावता येतात. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. डीएनए कसा बदलणार?

बरं, एवढं देऊन मिळतं काय ते तरी पाहू.

मिळतात टक्के. ते टक्के म्हणजे तुमच्या पूर्वजांच्या गावाचा सातबारा नव्हे. कंपनीकडे आज जिवंत असलेल्या लोकांचे जे नमुने आहेत, त्यांतल्या कुठल्या गटाशी तुमचे तुकडे किती जुळतात, याचा तो अंदाज आहे. ज्या गटाचे नमुने भरपूर, तिथला अंदाज बारीक. आपल्याकडचे नमुने मुळात कमी, म्हणून आपल्याला ढोबळ उत्तर मिळतं. कंपनीने नमुने वाढवले की टक्के बदलतात. पूर्वज मात्र तेच असतात. सख्ख्या भावाबहिणींचे टक्केसुद्धा सारखे येत नाहीत, कारण आईबापांचा निम्मा हिस्सा प्रत्येकात वेगळ्या वाटणीने उतरतो.

दहा पिढ्या मागे जा. कागदोपत्री १,०२४ पूर्वज होतात. कुलवृत्तांतात त्यातला एक सापडतो, बापाचा बाप, त्याचा बाप. लेकी लग्न होऊन गेल्या की पुस्तकातून गेल्या. डीएनए यावर उतारा आहे असं वाटतं, पण दहा पिढ्यांमागच्या प्रत्येकाचा तुकडा आपल्यात असतोच असंही नाही. कितीतरी जण वाटेत पुसले जातात. त्यात आपल्याकडे शतकानुशतकं जातीतच लग्नं, अनेक घरांत मामाच्या मुलीशी लग्न. त्यामुळे सगळेच सगळ्यांचे थोडे थोडे नातेवाईक. यंत्र सांगतं "जवळचा चुलतभाऊ", आणि प्रत्यक्षात तो सात वाटांनी लांबचा असतो. तरी बरं, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत निदान आपल्याच माणसाने स्वतःच्या हाताने नाव, गाव आणि मुलग्यांची नावं लिहिलेली असतात. आणि त्या वहीत कुणाला पुढे कुठला आजार होऊ शकतो हे लिहिलेलं नसतं.

आता खरी ठसठस. आपल्याकडे ही हौस नुसत्या कुतूहलाची नाही, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. कोकणस्थांना इजिप्तपासून तुर्कस्तानपर्यंत कुठूनही आणणारे फॉरवर्ड आपण सगळ्यांनी वाचलेत. प्रत्येक जातीच्या ग्रुपवर "आपण मूळचे कुठले" याची एक भव्य कथा फिरत असते, आणि त्या कथेच्या शेवटी आपण शेजाऱ्यापेक्षा जरा वरचे निघतो. नळीत थुंकणाऱ्याला खरं तर तेवढंच ऐकायचं असतं.

विज्ञान मात्र ते सांगत नाही. भारतीय जनुकांवरचं २०१६ चं एक मोठं संशोधन सांगतं की इथले गट एकमेकांत भरपूर मिसळत होते, आणि ते मिसळणं अनेक उच्चवर्णीय गटांत सुमारे ७० पिढ्यांपूर्वी, म्हणजे साधारण दीड हजार वर्षांपूर्वी, बंद झालं. थोडक्यात, भिंती नंतर बांधल्या. भिंतीच्या दोन्ही बाजूंना माल तोच. राखीगढीचं घ्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांनी साठेक सांगाड्यांचे नमुने तपासले, वापरता येईल असा डीएनए मिळाला एका बाईचा. २०१९ मध्ये निबंध आला आणि त्या एका बाईच्या हाडांवर दोन्ही बाजूंनी आपापले झेंडे रोवले. एका सांगाड्याचं हे होतं, तर तुमच्या टक्केवारीचं व्हॉट्सॲपवर काय होईल?

ठाणेकरांना तर उदाहरणासाठी लांब जायलाही नको. आपल्या ठाण्यातलं शार हशामायिम सिनेगॉग १८७९ सालचं. बेने इस्रायल समाज. पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं ही त्यांची कथा. कोकणात तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून 'शनवार तेली'. शतकानुशतकं इथे सुखाने राहिले, मराठी बोलले. इस्रायल झाल्यावर बरेच तिकडे गेले. आणि तिथल्या मुख्य धर्मपीठाने १९६२ मध्ये फर्मान काढलं, की यांना इतर ज्यूंशी लग्न करायचं असेल तर आधी मागच्या पिढ्यांची चौकशी. ज्या मातीत कुणी विचारलं नाही तिथून उठून 'आपल्या' माणसांत गेले, आणि तिथे रक्ताचा पुरावा मागितला गेला. लोकांनी आंदोलन केलं, १९६४ मध्ये तो प्रकार मागे घ्यावा लागला.

पुढे २०१६ मध्ये त्यांचा डीएनए अभ्यास झाला. उत्तर काय आलं? पूर्वज ज्यूही आहेत आणि भारतीयही. कथाही खरी आणि मिसळणंही खरं. मला हे उत्तर फार सुंदर वाटतं. पण समजा हेच उत्तर १९६२ साली त्या चौकशी करणाऱ्यांच्या हातात असतं तर? "भारतीयही" या एका शब्दावर किती लग्नं मोडली असती?

वंश मोजायला बसलेल्या माणसाच्या शेजारी शिक्का मारणारा माणूस बसलेलाच असतो. आपल्या इरावतीबाई कर्वे १९२०च्या दशकाच्या शेवटी बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधन करत होत्या. हे फिशर म्हणजे पुढे नाझींच्या वंशविचाराला आधार देणारे शास्त्रज्ञ. बाईंना कवट्या मोजायला दिल्या. वंशाप्रमाणे कवटीच्या ठेवणीत फरक पडतो हे त्यातून निघावं अशी गुरूंची अपेक्षा. बाईंनी मोजलं आणि लिहिलं की तसा संबंध दिसत नाही. मार्गदर्शकाच्या तोंडावर! शंभर वर्षांपूर्वी एका मराठी बाईने दिलेलं उत्तर आपण आज डॉलर मोजून पुन्हा विचारतोय.

आणि हो, "डीएनए करून जात सिद्ध करता येईल का?" असं मला इनबॉक्समध्ये विचारणाऱ्यांसाठी: नाही. जातीचं जनुक नसतं. सध्या जुन्या नोंदींचा, मोडी कागदांचा शोध जोरात चालू आहे. त्या आरक्षणाच्या वादात तुमची बाजू कुठलीही असो, कायदा कागद बघतो, रक्त बघत नाही, आणि ते तसंच राहिलेलं बरं. ज्या दिवशी जातीचा दाखला थुंकीवर मिळायला लागेल, त्या दिवशी बाबासाहेबांचं सगळं काम पाण्यात.

आता तो ठरलेला प्रश्न: "आमच्याकडे लपवण्यासारखं काहीच नाही, मग भीती कसली?"

तुमच्याकडे नसेल. तुमच्या मावशीकडे काय आहे हे तुम्हाला माहीत आहे का? कुठल्या घरात कुणाचा बाप कोण, कोणतं मूल कुठून आलं, कोणत्या पोरीला पन्नास वर्षांपूर्वी काय सोसावं लागलं आणि तिने ते कसं पोटात ठेवलं, याचा हिशोब ज्याचा तोच ठेवतो. तो उघडायचा की नाही हे ठरवायचा हक्क तिचा आहे. दिवाळीत कंटाळलेल्या भाच्याचा नाही. घराण्याचं गुपित फुटतं तेव्हा पुरुषाला प्रश्न विचारले जात नाहीत, बाईला विचारले जातात. माझी आई "मला नको" का म्हणाली ते मी तिला विचारलेलं नाही, विचारणारही नाही.

न्यायालयाला हे कळतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये पुण्याच्या एका घटस्फोटाच्या खटल्यात नवऱ्याला मुलाची डीएनए चाचणी हवी होती. खालच्या न्यायालयांनी होकार दिला, सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. नवरा-बायकोच्या भांडणात अशी चाचणी सहजासहजी करायला लावता येणार नाही, मुलाच्याही खासगीपणाचा विचार व्हायला हवा, असं सांगितलं. जी गोष्ट न्यायाधीश दहा वेळा विचार करून करतात, ती आपण फराळाच्या ताटाशेजारी करतो.

मग कायदा काय म्हणतो? इथेच सगळी गोम आहे. २०१९ च्या माहिती संरक्षण विधेयकात जनुकीय माहितीला 'संवेदनशील' म्हणून वेगळा दर्जा होता. २०२३ मध्ये प्रत्यक्ष जो कायदा झाला त्यातून तो वर्गच गेला. तुमचा मोबाईल नंबर आणि तुमचा डीएनए एकाच पंगतीला. आणि नातेवाईकांच्या सामाईक माहितीचं काय करायचं, याचा तर विचारच नाही. दुसरीकडे २०२२ चा फौजदारी प्रक्रिया ओळख कायदा पोलिसांना जैविक नमुने घ्यायची मुभा देतो आणि नोंदी ७५ वर्षं ठेवायला सांगतो. अमेरिकेत निदान २००८ पासून आरोग्य विमा आणि नोकरीत जनुकांवरून भेदभाव करायला बंदी आहे. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही.

हे सगळं वाचून मी डीएनएच्या विरोधात आहे असं समजू नका. उलट आहे. माझा राग याचाच आहे, की ज्यांना खरोखर गरज आहे त्यांच्यासाठी काहीच नाही आणि ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी बाजार उघडा आहे.

आपण रोज ज्या गाडीने जातो त्या मार्गाचं बोलू. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. दिवा-मुंब्रा-कळवा हा पट्टा आपल्याला काही नवा नाही. त्यातल्या अनेकांची ओळखच पटत नाही. लोहमार्ग पोलिसांच्या फलकावरचे ते फोटो पाहिलेत ना? आपण मान वळवून पुढे जातो. त्या प्रत्येक फोटोमागे बिहारमध्ये, जळगावात, नाहीतर इथेच उल्हासनगरात एक आई दाराकडे बघत बसलेली आहे. मृताचा एक नमुना आणि त्या आईचा एक नमुना, एवढं जुळवायचं असतं. यात वंश नको, टक्के नकोत.

अनोळखी मृतदेह आणि बेपत्ता माणसं यांच्या डीएनए नोंदींसाठी सर्वोच्च न्यायालयात २०१२ मध्ये जनहित याचिका झाली. कायदा आणतोय असं केंद्राने सांगितलं, २०१८ मध्ये ती निकाली निघाली. डीएनए विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं, स्थायी समितीकडे गेलं आणि जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं. त्या विधेयकावरचे आक्षेप मलाही मान्य होते. आरोपी, संशयित आणि बेपत्ता लेकराचा बाप यांच्या नोंदी एकाच बँकेत ठेवणं चूकच. पण मग वेगळं, स्वच्छ विधेयक आणायचं होतं! ते आलं नाही. फलकावरचे फोटो तेवढे बदलत राहिले.

तेच दत्तक गेलेल्या मुलांचं. पुण्यात १९७३ मध्ये जन्मलेले आणि जर्मनीत वाढलेले अरुण डोहले आपल्या आईचं नाव असलेली फाईल मिळावी म्हणून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पुढे आईपर्यंत पोचले. आपल्या दत्तक नियमावलीत मुळांच्या शोधाची तरतूद आहे आणि जन्मदात्या आईचा खासगीपणा जपायचा असंही त्यात लिहिलंय. हाच रस्ता बरोबर आहे: मध्ये एक जबाबदार माणूस असावा, त्याने आईला आधी हळूच विचारावं, मगच दार उघडावं. पण या रस्त्यावर इतके खड्डे आहेत की परदेशातली मुलं शेवटी नळीत थुंकतात आणि कुणीतरी लांबचा भाऊ सापडेल म्हणून वाट बघतात. त्या मुलांना मी नावं ठेवणार नाही. त्यांची तहान खरी आहे. सरकारने विहीर खणली नाही म्हणून ती डबक्याकडे गेली.

तर आता करायचं काय?

एक, नळी हातात आली तर आधी घरातल्या मोठ्यांना विचारा. गंमत म्हणून नको, नीट समजावून विचारा. एकही "नको" आला तर थांबा.

दोन, आधीच करून बसला असाल तर खात्यात जाऊन "नातेवाईक शोधा" ही सोय बंद करा, नमुना नष्ट करायला सांगा, खातं पुसा. सगळं पुसलं जाईल याची खात्री नाही, पण दार उघडं ठेवण्यापेक्षा बरं.

तीन, खासदारांना विचारा. ठाण्याच्या, कल्याणच्या, आणि कल्याण पश्चिमवाल्यांनी भिवंडीच्या. तिन्ही मतदारसंघांतले लोक त्याच रुळांवरून जातात. दोनच मागण्या. जनुकीय माहितीला कायद्यात वेगळं संरक्षण द्या. आणि बेपत्ता व्यक्ती व अनोळखी मृतांसाठी, फक्त तेवढ्याच कामासाठी, स्वतंत्र डीएनए नोंदणीचा कायदा आणा, ज्यात नातेवाईक स्वखुशीने नमुना देतील आणि काम झालं की तो नष्ट होईल.

पूर्वज शोधायचेच असतील तर आजीजवळ बसा. माझ्या आईला तिच्या आजीचं माहेर, तिथली विहीर, कोणत्या साली प्लेगने कोण गेलं, सगळं तोंडपाठ आहे. भाच्याने तिला यातलं काहीच विचारलं नव्हतं. परवा व्हिडिओ कॉलवर मी त्याला तेवढं सांगितलं. थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "मामा, आजीला फोन दे." दिला. पाऊण तास बोलत होते. खातं पुसायला टाकलंय म्हणाला.

पटलं नसेल तर कमेंटमध्ये भांडा, उत्तर देईन. पटलं असेल तर नुसता अंगठा दाखवू नका, खासदाराला दोन ओळी लिहा.